सोलापूरचा समुद्र पूर्वेला

सोलापूरकराला समुद्र बघायचा झाला की गाडी पश्चिमेला वळते. दिवाळीच्या सुटीत गणपतीपुळे, मे महिन्यात मालवण, कुणी अलिबागला, कुणी थेट गोव्याला. अंतराच्या हिशेबाने ते बरोबरही आहे. शहरापासून रत्नागिरीचा किनारा सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडतो. पण शहरावर पडणारा पाऊस त्या वाटेने कधीच जात नाही. जिल्ह्यातला एकही ओढा कोकणात उतरत नाही. पाणी सीनेला मिळतं, बोरीला मिळतं, माणेला मिळतं; त्या तिघी भीमेला मिळतात, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा आंध्र प्रदेशात हंसलदीवी नावाच्या गावाजवळ बंगालच्या उपसागराला. तो किनारा सोलापूरपासून रत्नागिरीच्या दुप्पट लांब आहे. तरीही सोलापूरचा समुद्र तोच. या जिल्ह्याची माती, पिकं, पूर, दुष्काळ आणि शहरातल्या पेठांमध्ये ऐकू येणाऱ्या भाषासुद्धा नीट समजून घ्यायच्या असतील, तर पाण्यासोबत पूर्वेकडे निघायला हवं.

त्याआधी थोडं मागे, उगमाकडे जावं लागतं.

पुणे जिल्ह्यातलं भीमाशंकर सह्याद्रीच्या अगदी कड्यावर आहे. देवळापासून थोडं पश्चिमेला चाललं की जमीन संपते. खाली कर्जत तालुक्यातलं खांडस, शिडी घाटाची नि गणपती घाटाची वाट, आणि हवा स्वच्छ असेल तर पार कोकणपट्टी. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत. कड्यावरून पश्चिमेकडे कोसळणारं पाणी उल्हास नदीच्या खोऱ्यातून बघता बघता खाडीला पोचतं. देवळामागच्या रानात, शेकरूंच्या झाडांखाली मुरलेलं पाणी मात्र भीमा होऊन पूर्वेकडे निघतं आणि समुद्र गाठायला सुमारे दीड हजार किलोमीटरचा वळसा घेतं. एकाच ढगातले दोन थेंब, काही पावलांच्या फरकाने, दोन वेगळ्या समुद्रांचे होतात.

हे असं का, याचं उत्तर जुनं आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून दख्खनचं पठार बनलं. पुढे पश्चिमेची कड उचलली गेली, तुटली आणि झिजत मागे सरकली. पठार पूर्वेकडे कललेलं राहिलं. म्हणून कोकणातल्या नद्या आखूड, वेगवान, आणि मुखाशी खाड्या करणाऱ्या. तर पठारावरच्या नद्या लांब, संथ, आणि समुद्राशी गाळाचे त्रिभुज प्रदेश रचणाऱ्या. भीमा भीमाशंकरला जवळजवळ हजार मीटर उंचीवर असते. उजनी धरणाची पूर्ण पातळी ४९६.८३ मीटर आहे. म्हणजे निम्मी उंची ती सोलापूर जिल्ह्यात नीट शिरण्याआधीच उतरून येते. उरलेली निम्मी उतरायला तिला हजार किलोमीटरहून जास्त वाट लागते. पंढरपूरला नदी इतकी रेंगाळते, वळणं घेते, वाळवंट पसरते, त्याचं मूळ या मंद उतारात आहे.

कड्यावरच्या या सीमारेषेत माणसाने एका ठिकाणी ढवळाढवळ केली आहे आणि तिचे पडसाद सोलापुरात आजही उमटतात. मुंबईला वीज हवी म्हणून टाटांनी लोणावळा, मावळ आणि मुळशी परिसरात धरणं बांधली आणि भीमेच्या खोऱ्यातलं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला कोकणात सोडलं. खोपोलीचं वीजघर १९१५ मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ मध्ये, भिऱ्याचं १९२७ मध्ये. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी लढलेला सत्याग्रह १९२१ चा. शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या हे त्या लढ्याचं कारण. पण पाण्याच्या अंगाने पाहिलं तर बंगालच्या उपसागराकडे निघालेला प्रवाह तिथे अरबी समुद्राकडे वळला. पाताळगंगा, उल्हास आणि कुंडलिका या कोकणी नद्यांना ते पाणी मिळतं. दुष्काळी वर्षात ‘टाटाच्या धरणांचं पाणी भीमेत सोडा’ ही मागणी सोलापुरात दर वेळी उठते, ती उगीच नाही.

भीमाशंकरच्या रानातून उतरलेली भीमा चासकमान धरणातून राजगुरुनगरला येते. तुळापूरला इंद्रायणी मिळते. संभाजी महाराजांच्या बलिदानाने हा संगम महाराष्ट्राला ठाऊक आहे. पुढे रांजणगाव सांडसला मुळा-मुठा पुण्याचं सगळं बरंवाईट घेऊन येते, मग जुन्नर-आंबेगावकडचं पाणी घेऊन घोड येते, आणि दौंड ओलांडून नदी भिगवणला पोचते तेव्हा तिला नदी म्हणणं कठीण होतं. समोरचा काठ दिसेनासा होतो.

हा यशवंतसागर, उजनीचा फुगवटा. माढा तालुक्यातल्या भीमानगरजवळ १९८० साली पूर्ण झालेल्या धरणाने दौंड, इंदापूर, नगरकडचं कर्जत, करमाळा आणि माढा या तालुक्यांत पाणी पसरवलं. महाराष्ट्राच्या अंतर्भागात समुद्राच्या उपसागराची आठवण व्हावी असं दुसरं ठिकाण क्वचितच असेल. दंतुर किनारे, आत घुसलेल्या चिंचोळ्या पाण्याच्या जिभा, भर पाण्यात उरलेली टेकाडं, एका काठावरून दुसऱ्या काठावर माणसं नि मोटरसायकली नेणाऱ्या होड्या. करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला रस्त्याने जायचं तर मोठा वळसा पडतो, म्हणून लोक पाण्याने जातात. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी वादळी वाऱ्यात याच वाटेवर बोट उलटली आणि सहा जण बुडाले. धरणाच्या पाण्याला भरती-ओहोटी नसते, पण वारा सुटला की त्याच्या लाटा समुद्राइतक्याच निष्ठुर होतात. अशा जागी जलवाहतुकीची नीट सोय आणि अंगावर जीवरक्षक जॅकेट या गोष्टी चैनीच्या नाहीत.

हिवाळ्यात भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या गावांच्या उथळ काठांवर रोहित पक्षी उतरतात. हजारो मैलांवरून पट्टकादंब येतात, हिमालय ओलांडणारं हे बदक-हंसकुळातलं पाखरू इथल्या हरभऱ्याच्या शेतांकडे चरायला जातं. गावातले कोळी तरुण पहाटे पर्यटकांना होडीतून नेतात. पक्ष्यांची नावं त्यांना तोंडपाठ आहेत. जाळ्यात सापडणारी मासळी मात्र बदलली. चिलापी या बाहेरून आलेल्या माशाने फुगवटा व्यापला, आणि काठावरच्या खानावळीत ताटलीत येतो तो बहुधा हाच.

उन्हाळ्यात पाणी हटलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ वर येतं. एरवी शिखराचा शेंडा, कधी तोही नाही. दुष्काळात मात्र पायऱ्या, मंडप, शिल्पं सगळं मोकळं होतं आणि लोक बघायला गर्दी करतात. ज्यांचं गाव पाण्याखाली गेलं त्यांच्या घरातली म्हातारी माणसंही येतात. त्यांच्या त्यागावर खालची साखर उभी आहे, हे गर्दीतल्या प्रत्येकाच्या लक्षात राहावं.

उजनीचा हिशेब बाहेरच्या माणसाला चक्रावून टाकतो. सोलापुरात लोक ‘धरण वजा वीस झालं’ असं सहज बोलतात. धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातला ६३.६६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे दारांच्या आणि कालव्यांच्या पातळीखालचा. टक्केवारी मोजतात ती वरच्या ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठ्याची. तो संपला की आकडा शून्याखाली जातो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो वजा साठच्या जवळ पोचला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण काठोकाठ भरलं. हे भरणं सोलापूरच्या पावसाने होत नाही. खडकवासला, पवना, चासकमान, डिंभे ही वरची धरणं भरली की पाणी खाली सुटतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये माढ्यातला शेतकरी आभाळाकडे पाहण्याआधी ‘दौंडचा विसर्ग किती?’ हे विचारतो. भीमाशंकरला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि सोलापूर जिल्ह्यात साडेपाचशे-सहाशेच्या घरात. पर्जन्यछायेतल्या या जिल्ह्याने वरच्या पावसाचा वाटा धरणात अडवून ठेवला आहे आणि त्यावर ऊस लावला आहे. एवढ्या कमी पावसाच्या मुलखात एवढा ऊस असावा का, हा प्रश्न फुगवट्याच्या काठाने जाताना टाळता येत नाही. डाळिंब आणि मंगळवेढ्याची ज्वारी या दोन्हींना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दोन्ही पिकं थोडक्या पाण्यात येणारी आहेत, आणि या जिल्ह्याचं खरं शहाणपण त्यांच्यात आहे.

उजनीखाली नदी पुन्हा नदी होते. इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नीरा नरसिंहपूरला, भोरच्या डोंगरातून आलेली नीरा तिला मिळते. पलीकडच्या माळशिरस तालुक्यातल्या गावाचं नावच संगम. पंढरपूरला पूर येणार की नाही, हे इथे ठरतं. नीरेवरच्या वीर धरणातून सुटलेलं पाणी आणि उजनीचा विसर्ग यांची बेरीज इथे होते, आणि ती लाख क्युसेक्सच्या पुढे गेली की पंढरपुरात वाळवंटातली देवळं पाण्याखाली जातात आणि सखल वस्त्या हलवाव्या लागतात. दोन धरणांचे अधिकारी एकमेकांशी बोलून पाणी मागेपुढे सोडतात तेव्हा आषाढी-श्रावणातली गर्दी सुखरूप राहते. या कामाचं कौतुक कुठे छापून येत नाही.

पंढरपूरची चंद्रकोर, पुंडलिकाचं देऊळ, विष्णुपद, गोपाळपूर हे सगळं मराठी वाचकाला इतकं परिचित आहे की तिथे फार रेंगाळायला नको. पुढे सरकोलीजवळ माण नदी मिळते. साताऱ्याच्या दहिवडी-म्हसवडकडून, आटपाडी-सांगोल्याच्या उघड्या माळांवरून येणारी ही नदी वर्षातले बरेच महिने वाळूचीच असते. तिच्या खालच्या खोऱ्यात मंगळवेढ्याची काळी, खोल, ओल धरणारी जमीन आहे. त्याच तालुक्यात भीमेच्या काठी ब्रह्मपुरी आणि माचणूर. औरंगजेबाने १६९५ पासून चार वर्षं इथे छावणी टाकली होती. मराठ्यांशी झुंजणारी एवढी फौज, हत्ती-घोडे, बाजारबुणगे घेऊन राहायचं तर बारमाही पाणी हवं. पठारावर ते भीमेशिवाय कुठे मिळणार? माचणूरच्या किल्ल्याचे बुरूज नि त्याखालचं सिद्धेश्वराचं देऊळ एकाच घाटावर, एकमेकांना खेटून आहेत.

जिल्ह्यातलं सगळ्यात विलक्षण ठिकाण मात्र दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे. हत्तरसंग कुडल. इथे सीना भीमेला मिळते. नगरकडून निघालेली सीना करमाळा, माढा, मोहोळ ओलांडत, सोलापूर शहराला पश्चिमेकडून वळसा घालत येते. एरवी ती दुर्लक्षित नदी. सप्टेंबर २०२५ मध्ये तिला आलेल्या महापुराने काठची गावंच्या गावं वेढली, उभी पिकं आणि खालची मातीसुद्धा खरवडून नेली, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राला तिचं नाव कळलं. संगमावर संगमेश्वर आणि हरिहरेश्वर अशी दोन प्राचीन देवळं आहेत. हरिहरेश्वराच्या परिसरात उकरून काढलेलं बहुमुखी शिवलिंग पाहताना नजर खिळते: एकाच दगडावर ओळीने कोरलेले शेकडो चेहरे. संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. त्याच्याशी स्पर्धा करणारा दुसरा लेख अलिबागजवळच्या अक्षीचा, शके ९३४ असा वाचला गेलेला. एक अरबी समुद्राच्या वाळूवर, दुसरा बंगालच्या उपसागराकडे निघालेल्या दोन नद्यांच्या संगमावर. हजार वर्षांपूर्वीच मराठी दोन्ही समुद्रांच्या पाणलोटांत लिहिली जात होती.

कुडलच्या खाली भीमा महाराष्ट्र आणि कर्नाटकाची सीमा होऊन वाहते. डाव्या काठाला सोलापूर जिल्हा, उजव्या काठाला विजयपूरचा इंडी तालुका. माणसं दोन्ही भाषा बोलतात आणि सोयरीक नदी बघून करत नाहीत. औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यांत अडवलेलं पाणी टाकळीहून उपसून सोलापूर शहराला जातं. त्यासाठी उजनीतून नदीत पाणी सोडावं लागतं, आणि वाटेतली वाळू, ऊन आणि काठचे पंप भागवून शहराच्या वाट्याला त्यातला लहानसा हिस्सा येतो. बंद नळातून थेट उजनीचं पाणी आणण्याचा आग्रह त्यातूनच आला.

शहराची स्वतःची तळीही याच पाणलोटातली. आदिला नदीवरचा एकरुख, म्हणजे हिप्परग्याचा तलाव १८७१ चा. सिद्धेश्वराचं तळं त्याहून सुमारे सात शतकं जुनं. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी ते खोदवलं आणि शहराभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली, असं सोलापूर मानतं. त्यांच्या चरित्रातली एक कथा या प्रवासाला फार जवळची आहे. गुरं राखणारा हा मुलगा मल्लय्याच्या ओढीने घर सोडून श्रीशैलला गेला, तिथल्या कड्यावर त्याला मल्लिकार्जुनाचं दर्शन झालं आणि तो सोन्नलगीला, म्हणजे आजच्या सोलापूरला परतला. नकाशा पाहिला तर श्रीशैल कृष्णेच्या घळीवर आहे. भीमाशंकरच्या ज्योतिर्लिंगापाशी निघालेलं पाणी सोलापूर जिल्हा ओलांडून मल्लिकार्जुनाच्या ज्योतिर्लिंगाखालून जातं. बाराव्या शतकातला तो मुलगा नदीच्या दिशेनेच चालत गेला होता.

रेल्वेही त्याच दिशेने जाते. मुंबई-चेन्नई मार्ग सोलापूर सोडल्यावर होटगी, अक्कलकोट रोड, दुधनी, गाणगापूर रोड, कलबुर्गी, वाडी, यादगीर अशी भीमेची सोबत करत रायचूरकडे उतरतो. गाणगापूर सोलापूरकरांच्या घरचंच. भीमा-अमरजा संगमावर स्नान, मग निर्गुण पादुकांचं दर्शन आणि माधुकरी हा क्रम पिढ्यांचा आहे. त्याच्या खाली, जिथे फारसं कुणी थांबत नाही ते सन्नती. इथल्या चंद्रलांबा देवस्थानात १९८६ मध्ये अशोकाच्या आज्ञांचा शिलाखंड मिळाला. मूर्तीची बैठक म्हणून तो वापरला गेला होता. जवळच्या कनगनहळ्ळीत पुरातत्त्व खात्याने मोठा स्तूप उकरला आणि त्यात सम्राट अशोकाचं नाव कोरलेलं शिल्प सापडलं. भीमेचा काठ दोन हजार वर्षांपूर्वी किती जागता होता, हे इथे उभं राहिल्यावर समजतं. गाणगापूरला जाणाऱ्यांनी थोडी वाट वाकडी करून सन्नती पाहायलाच हवं.

८६१ किलोमीटर चालून भीमा रायचूरजवळ कडलूरला कृष्णेत विलीन होते. तिचं खोरं ७०,६१४ चौरस किलोमीटरचं, कृष्णेच्या एकूण २,५८,९४८ पैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक. महाबळेश्वरची कृष्णा तोवर सांगली, अलमट्टी, नारायणपूर करून आलेली असते. दोघी सह्याद्रीच्या एकाच धारेवर जन्मतात आणि भेटतात ती तेलंगणाच्या उंबरठ्यावर. जवळच कृष्णा नावाचं छोटं रेल्वे स्थानक आहे आणि पुढे लांबलचक पूल. पाण्याची वाटणीही इथून पुढे आंतरराज्य होते. १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने कृष्णेच्या २०६० टीएमसी पाण्याचे वाटे केले: महाराष्ट्र ५६०, कर्नाटक ७००, आंध्र प्रदेश ८००. उजनीतला प्रत्येक थेंब या कागदाला बांधलेला आहे.

यापुढे नदी पायऱ्यांनी समुद्राकडे उतरते आणि प्रत्येक पायरी एक धरण आहे. श्रीशैलची पूर्ण पातळी ८८५ फूट, नागार्जुनसागरची ५९० फूट, विजयवाड्याच्या प्रकाशम बंधाऱ्याची अवघी ५७ फूट. श्रीशैलला कृष्णा नल्लमलाच्या डोंगरात खोल घळीतून वाहते. १६७७ च्या दक्षिण दिग्विजयात शिवाजी महाराज इथे आले होते आणि मंदिराच्या परिसरात त्यांचं स्मारक आहे. खालच्या नागार्जुनसागराच्या पाण्यात इक्ष्वाकूंची विजयपुरी बुडाली. तिथले स्तूप नि विहार एका टेकडीवर हलवून ठेवले आहेत, आणि टेकडी आता बेट आहे. पळसदेव पाहून आलेल्या माणसाला ते बेट वेगळं दिसतं.

विजयवाडा ओलांडलं की डोंगर संपतात. सपाट, ओली, हिरवीगार भातखाचरं, कालव्यांच्या रांगा, केळी आणि नारळ. विजयवाड्याला १८५५ मध्ये इंग्रज अभियंत्यांनी आडवा बांध घातला आणि त्रिभुज प्रदेशाला कालव्यांनी पाणी दिलं. आजचा बंधारा त्याच जागी १९५७ चा. अवनिगड्डाजवळ पुलिगड्डाला नदी फुटते आणि दोन फाट्यांमध्ये दिवी सीमा हा बेटासारखा मुलूख राहतो. ही सगळी भूमी नदीने वाहून आणलेली आहे, आणि तिच्यात दख्खनचा मोठा वाटा आहे.

तो वाटा समुद्राच्या तळाशीही ओळखता येतो. काळ्या बेसाल्टची झीज होऊन जी चिकणमाती बनते ती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. मंगळवेढ्याच्या रानात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या तिच्यामुळे. कृष्णा-गोदावरीच्या मुखासमोरच्या समुद्रतळातून काढलेल्या गाळात सागरी भूवैज्ञानिकांना हीच चिकणमाती भरपूर सापडते. स्मेक्टाइट हे तिचं नाव. हिमालयातून गंगा-ब्रह्मपुत्रेने आणलेल्या गाळापेक्षा तिची जात वेगळी. सोलापूरची काळी माती बंगालच्या उपसागराच्या तळाशी थर होऊन बसली आहे.

आता ती पूर्वीइतकी जात नाही. गाळ धरणांत अडतो, पाणी कालव्यांत वाटलं जातं. २००१ ते २००४ या टंचाईच्या वर्षांत कृष्णेचं पाणी समुद्रापर्यंत जवळजवळ पोचलंच नाही. नदीने भर घालणं थांबवलं की समुद्र आपला हक्क सांगतो. त्रिभुज प्रदेशाचे काठ कुरतडले जातात, खारं पाणी विहिरींत शिरतं. मुखाजवळच्या खारफुटीत कृष्णा अभयारण्य आहे, मासेमारी करणाऱ्या रानमांजरांचं घर. या मांजरांचं भवितव्य वरच्या पाण्याशी बांधलेलं आहे, आणि वरचं पाणी आपल्याकडे आहे.

हंसलदीवीला वेणुगोपालाचं जुनं देऊळ आहे. तिथून पुढे वाळूची वाट आणि मग संगम. पश्चिमेला किनारा आत वळतो तो निजामपट्टणचा उपसागर, उत्तरेला मछलीपट्टण. सतराव्या शतकात गोवळकोंड्याचं हे बंदर जगाला ठाऊक होतं. इंग्रजांनी १६११ मध्ये इथे वखार घातली आणि कलमकारीचं कापड इथून जहाजांवर चढलं. पेडणा गावात ठशांची कलमकारी आजही होते. सोलापुरातल्या साखर पेठ, भद्रावती पेठेत मागावर बसणारी पद्मशाली कुटुंबं तेलुगू मुलखातून आली, नदीच्या उलट दिशेने. सोलापुरी चादरीचा धागा त्यांच्या हातांनी विणला गेला.

१९ नोव्हेंबर १९७७ ला दिवी सीमेवर चक्रीवादळ आदळलं. समुद्र भिंतीसारखा आत आला आणि दहा हजारांहून अधिक माणसं गेली. बंगालच्या उपसागरात अशी वादळं अरबी समुद्रापेक्षा चौपट होतात, आणि त्याचं एक कारण नद्याच आहेत. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी, कृष्णा एवढं गोडं पाणी आणून ओततात की उपसागराचा वरचा थर कमी खारा आणि हलका राहतो. तो खालच्या थंड पाण्यात सहज मिसळत नाही, तापतो आणि तापलेलाच राहतो. त्या उबेवर कमी दाबाचे पट्टे पोसले जातात.

आणि ते सोलापूरला येतात. जून-जुलैत अरबी समुद्रावरचे ढग सह्याद्रीवर रिते होऊन कोरडे पुढे सरकतात. सोलापूरला भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा. उत्तरा, हस्ताचा, हादग्याच्या दिवसांतला तो पाऊस पूर्वेकडून चढतो, बंगालच्या उपसागरावरच्या कमी दाबाच्या ओढीने. त्याच ओलीवर शाळू पेरला जातो. कधी तो मर्यादा सोडतो. १३ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी उपसागरातला तीव्र कमी दाबाचा पट्टा काकीनाड्याजवळ किनारा चढला, हैदराबाद बुडवून दुसऱ्या दिवशी सोलापूरवर आला. पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण दगावले, सीना-भीमेला पूर आले, आणि तो पट्टा पुढे सरकत अरबी समुद्रात उतरला. ज्या वाटेने सोलापूरचं पाणी महिनोन्महिने खाली जातं, साधारण तीच वाट आभाळाने दीड दिवसात उलट कापली.

हा प्रवास करायचा तर डिसेंबर ते फेब्रुवारी बरे, ऑक्टोबर-नोव्हेंबर वादळांचे. सोलापुरातून जाणारा पुणे-हैदराबाद रस्ता, राष्ट्रीय महामार्ग ६५, हैदराबादला संपत नाही. सूर्यापेट, विजयवाडा करून तो मछलीपट्टणला थेट किनाऱ्यावर जातो. विजयवाड्याहून अवनिगड्डामार्गे हंसलदीवी सुमारे शंभर किलोमीटर. माघ पौर्णिमेला संगमावर स्नानाची मोठी जत्रा भरते, तेव्हा वाहनं सहज मिळतात. एरवी राहायची सोय अवनिगड्डा किंवा मछलीपट्टणला पाहावी आणि पाण्यात उतरण्याआधी तिथल्या कोळ्यांना विचारावं, कारण मुखाशी वाळूचे दांडे दर पावसाळ्यात जागा बदलतात.